विहीर एक, माणसं चार : आतडं स्वतःच औषध बनवतं, तर जिआर्डिया मरत का नाही?

काचपट्टी
शुक्रवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब चालवते. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) होऊन १९ वर्षं झाली, त्यातली बरीचशी मायक्रोस्कोपवर वाकून गेली; मानेचा मणका साक्षीला आहे. पाऊस लागला की आमच्याकडे संडासाच्या नमुन्यांची रांग लागते. डबी आम्ही देतो, तरी लोक आपापल्या सोयीने आणतात. चुन्याच्या डबीतून नमुना आणलेले एक आजोबा मला अजून आठवतात, कारण त्या स्लाइडवर चुन्याशिवाय काही दिसलंच नव्हतं.

तर प्रश्न असा. जूनच्या शेवटी एका वाडीवरून सहा वर्षांचा मुलगा आला. तीन आठवडे पोट फुगलेलं, ढेकरांना कुजक्या अंड्याचा वास, संडास तेलकट. सलाइनचा थेंब टाकला, कव्हरस्लिप ठेवली, हाय पॉवरवर घेतलं आणि बघते तर जिआर्डियाची, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या एकपेशीय परजीवीची, जत्रा. ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, आंब्याचं पिकलं पान गिरक्या घेत खाली येतं तसा तो हलतो. समोरून बघितलं तर दोन केंद्रकांमुळे चष्मा लावलेला चेहरा आपल्याकडेच टक लावून बघतोय असं वाटतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दचकले होते.

डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांचे नमुने मागवले. आईच्या नमुन्यात तुरळक सिस्ट (जिआर्डियाचं कवचातलं रूप), तिला अधूनमधून पोटात गुरगुर. आजीच्या नमुन्यात सिस्टच सिस्ट आणि आजी ठणठणीत, सत्तरीत दोन कळश्या डोक्यावर घेऊन चढण चढते. बाबांचे तीन वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने, तिन्ही निल. चौघं एकाच विहिरीचं पाणी पितात, तेही न उकळता.

माझी भाची मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मावशी, आतडं स्वतःच अँटिबायोटिक बनवतं. डिफेन्सिन म्हणतात. बाबांचं जास्त बनत असेल." एवढं बोलून ती मोबाइलमध्ये गेली. माझ्या डोक्यात मात्र भुंगा लागला. असं घरचं औषध पोटात असेल तर माझ्या काचेखाली ही वरात कशी निघते? आणि ते जंतांनाही चालतं का? डीएमएलटीला आम्हाला यातलं अक्षर शिकवलं नाही. जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं. रोग्यांची ओळख कळेल असं काही लिहिलेलं नाही, काळजी नसावी.

वाटीभर_ताक
शुक्रवार, रात्री १०:५२

आमची आजी वावडिंग आणि गूळ द्यायची दर पावसाळ्यात. आम्ही सहा भावंडं, कुणाला काही झालं नाही. हल्लीच्या मुलांचं पोटच नाजूक.

(ओव्याचं पाणीपण द्या त्या मुलाला.)

काचपट्टी
शुक्रवार, रात्री ११:०५

ताकताई, मुलाला डॉक्टरांनी टिनिडाझोल दिलंय आणि तो आता बरा आहे. उपाय नकोय हो, कारण हवंय.

गुरांचा_डॉक्टर
शनिवार, सकाळी ६:३०

काचपट्टीताई, मी माणसांचा डॉक्टर नाही. डिचोलीचा, ३४ वर्षं पशुवैद्यक म्हणून काढली, आता निवृत्त. पण आतडी मी तुमच्या गावातल्या कुठल्याही सर्जनपेक्षा जास्त उघडली असतील, म्हणून लिहायचं धाडस करतो. लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

आधी बाबांचं. तीन नमुने निल आले म्हणजे आत्ता त्यांच्या पोटात बहुतेक जिआर्डिया नाही, इतकंच कळतं. कधी आलाच नव्हता असं त्यावरून म्हणता येत नाही. १९५४ साली अमेरिकेत छापलेला एक प्रयोग आहे. तुरुंगातल्या स्वयंसेवकांना मोजून सिस्ट पाजले होते. लागण व्हायला दहा सिस्ट पुरले. आणि लागण झालेल्यांपैकी बहुतेकांच्या पोटातून जिआर्डिया औषधाशिवायच नाहीसा झाला. (असला प्रयोग आज कुणी मंजूर करणार नाही, आणि ते बरंच आहे.) म्हणजे तुमच्या वाडीवरचे बाबा हे नवल नाही. शरीर त्याला हटवू शकतं. फक्त ते काम भाची म्हणते त्या औषधाचं किती, आणि इतरांचं किती, हा खरा प्रश्न.

आता ते औषध बनतं कुठे ते बघू. लहान आतड्याचं अस्तर म्हणजे मखमल. वर बोटांसारखे उंचवटे, म्हणजे व्हिलाय, आणि दोन उंचवट्यांच्या मधे खाली उतरत गेलेली चिंचोळी विहीर. इंग्रजीत क्रिप्ट म्हणतात, आपण विहीरच म्हणू, तुमच्या धाग्याला शोभेल. या विहिरीच्या तळाशी मोजक्या पेशी बसलेल्या असतात आणि त्यांच्या अंगात दाणे ठासून भरलेले असतात. स्लाइड नेहमीच्या रंगांनी रंगवली की हे दाणे लालबुंद दिसतात. कॉलेजात घोड्याच्या आतड्याच्या स्लाइडवर मी त्या पहिल्यांदा बघितल्या. डाळिंब फोडल्यासारखं दिसतं. जोसेफ पॅनेथ नावाच्या व्हिएन्नाच्या माणसाने १८८८ मध्ये त्यांचं नीट वर्णन केलं, म्हणून पॅनेथ पेशी. त्याआधी १८७२ मध्ये श्वाल्बे नावाच्या जर्मनानेही त्या पाहिल्या होत्या, पण नाव लागलं पॅनेथचं. आमच्या खात्यातही असंच चालायचं.

त्या दाण्यांत काय असतं? लायसोझाइम नावाचं जिवाणूंची भिंत फोडणारं एन्झाइम असतं आणि डिफेन्सिन असतात. माणसात दोन मुख्य, एचडी-५ आणि एचडी-६. प्रत्येकी ३२ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची, साखळी, आणि तीन ठिकाणी गंधकाच्या टाक्यांनी शिवून घट्ट केलेली, म्हणून पाचक रसांत सहज विरघळत नाही. काम कसं करतं? साखळीवर धन भार असतो. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण भार असतो. चिकटली की पडद्याला भोकं पाडते. आपल्या पेशींच्या बाहेरच्या पडद्यावर तसा भार फारसा नसतो आणि कोलेस्टेरॉल असतं, म्हणून आपण बऱ्याच अंशी वाचतो. एचडी-६ तर मारतही नाही. २०१२ मध्ये दाखवलं गेलं की ते जाळं विणतं, आणि जिवाणू त्यात अडकून पडतो. कोळ्याचं काम.

तुमच्या भाचीचं बरोबर आहे, आणि एवढ्यावर थांबलं तर चूकही आहे. हे औषध जिथे ओतलं जातं तो विहिरीचा तळ आहे, आणि तळाशी पॅनेथ पेशींच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात त्या आतड्याच्या मूळ पेशी. आतड्याचं अख्खं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, ते यांच्यातून. म्हणजे ते बियाणं आहे. शेतकरी कणगीला राख-कडुनिंब लावतो, आख्ख्या शेताला लावत नाही. तळाशी डिफेन्सिन दाट, वर येता येता पातळ. त्यात ही बहुतेक डिफेन्सिन खारट पाण्यात मंदावतात, आणि आतड्यातला रस काही पावसाचं पाणी नाही.

आणि जिआर्डिया बसतो कुठे? वर, उंचवट्यांवर. पोटाकडून त्याला एक बशी असते, ती अस्तराला लावून चिकटतो. आत घुसत नाही, रक्तात जात नाही, खाली विहिरीत उतरायची त्याला गरजच नाही. पहारेकरी तळघरात आणि भाडेकरू गच्चीवर.

काचेच्या नळीत मात्र गोष्ट वेगळी दिसते. १९९४ मध्ये जिआर्डियावर ही डिफेन्सिन घालून बघितली, तर तो मेला. म्हणजे औषध खोटं नाही. गाठ पडत नाही, ही अडचण.

तुमच्या ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो ना? त्याने जिवाणू बरेच कमी होतात, जिआर्डियाचा सिस्ट मात्र त्याला सहज दाद देत नाही. डिफेन्सिनचं मला तसंच दिसतं. त्यांचं रोजचं काम म्हणजे जिवाणूंची गर्दी आटोक्यात ठेवणं. परजीवी आला तर फटका मारतील, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. जिआर्डियाला शेवटी बाहेर काढतात त्या टी पेशी (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि प्रतिद्रव्यं. जन्मतः प्रतिद्रव्यं कमी बनणाऱ्या माणसांत जिआर्डिया महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो, यावरून कळतं की वजन कुठल्या पारड्यात आहे. आजीच्या शरीराने त्याच्याशी तडजोड केली असावी, नातवाचं शरीर अजून भांडत होतं. हा माझा अंदाज. कुणी बरोबर करून सांगितलं तर आवडेल.

जाता जाता. जिआर्डिया पहिल्यांदा बघणारा माणूस लेवेनहुक, १६८१ साली, आणि बघितला तो स्वतःच्याच जुलाबात. तुमच्या धंद्याचा मूळपुरुष. नमुना चुन्याच्या डबीतून आणला नसावा.

उप्साला_मुक्काम
शनिवार, दुपारी ३:२०

काका, फार छान लिहिलंत. मी सांगलीची, सध्या स्वीडनमध्ये उप्सालाला, आणि योगायोग बघा, रोज जिआर्डियालाच खाऊ घालते. (त्याला गायीचं पित्त घातलेलं माध्यम लागतं. लॅबचा वास विचारू नका.)

दोन गोष्टी जोडते, एक दुरुस्ती करते.

दुरुस्ती आधी. १९९४ चा तो प्रयोग माणसाच्या पॅनेथ पेशींतल्या डिफेन्सिनवर नव्हता. त्यात उंदराच्या आतड्यातली डिफेन्सिन होती, त्यांना क्रिप्टडिन म्हणतात, आणि पांढऱ्या पेशींतली काही पेप्टाइडं, म्हणजे अशाच छोट्या प्रथिनसाखळ्या. उंदीर आणि माणूस यांत इथे बराच फरक आहे. उंदरात हे पेप्टाइड अर्धवट, म्हणजे म्यानात, तयार होतं आणि मॅट्रिलायसिन नावाचं एन्झाइम म्यान कापतं. माणसात ते काम ट्रिप्सिन करतं. म्हणून उंदरावरचं सरळ उचलून माणसाला लावता येत नाही. आमच्याकडे यावरून जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात.

दुसरं, जिआर्डिया काही बिचारा भाडेकरू नाही. तो स्वतः सिस्टीन प्रोटिएझ नावाच्या कात्र्या बाहेर सोडतो. आतडं पांढऱ्या पेशींना बोलावायला जे निरोप पाठवतं, म्हणजे केमोकाइन, ते या कात्र्या वाटेतच कापतात. पत्र फाडलं की पाहुणे येणार कुठून? जिआर्डिया असताना आतड्यात सूज इतकी कमी का दिसते, त्याचं एक कारण हे असू शकतं. शिवाय त्याच्या अंगावरचं प्रथिनांचं जाकीट तो बदलत राहतो. तशा जाकिटांचे जीन त्याच्याकडे दोनशेच्या आसपास आहेत आणि एका वेळी एकच घालतो. प्रतिद्रव्यं एक जाकीट ओळखायला शिकेपर्यंत दुसरं अंगावर.

तिसरं, काचपट्टीताई, आव पडलेले रोगी तुमच्याकडे येतच असतील. अमिबाची गोष्ट याहून भारी आहे. तो मोठ्या आतड्यात राहतो, तिथे पॅनेथ पेशी जवळजवळ नसतात. तिथलं हत्यार वेगळं, एलएल-३७. नाव विचित्र वाटतं पण सरळ आहे: ३७ अमिनो आम्लांची साखळी, सुरुवातीला दोन ल्यूसिन. कॅनडात कॅलगरीच्या लॅबने २०१२ मध्ये बघितलं की एन्टअमिबा हिस्टोलिटिका, म्हणजे आव पाडणारा अमिबा, आला की आतड्याच्या पेशी हे पेप्टाइड जास्त बनवायला लागतात. म्हणजे घंटा वाजते, पहारेकरी उठतो, काठी घेऊन येतो, आणि अमिबा ती काठी चावून तुकडे करतो. पुन्हा सिस्टीन प्रोटिएझच. आणि गंमत म्हणजे त्या तुकड्यांनी जिवाणू तरीही मरतात. अमिबाला मात्र ना अख्ख्याने काही होतं ना तुकड्यांनी.

काचपट्टी
शनिवार, रात्री ९:४०

अगं बाई. म्हणजे आपण केलेल्या गोळ्या आजूबाजूच्यांना लागतात आणि चोर उभाच!

उप्सालाताई, अमिबाचं वाचून एक आठवलं. आम्हाला शिकवलं होतं की अमिबाच्या पोटात तांबड्या पेशी दिसल्या तरच हिस्टोलिटिका लिहायचं, कारण नुसत्या सिस्टवरून हिस्टोलिटिका आणि डिस्पार यांत फरक करता येत नाही. डिस्पार निरुपद्रवी. मी नवी असताना प्रत्येक चार केंद्रकांच्या सिस्टला "एन्टअमिबा हिस्टोलिटिका" लिहून मोकळी व्हायचे. किती लोकांनी माझ्यामुळे उगाच मेट्रोनिडाझोलची कडू जीभ सोसली असेल, देव जाणे. हल्ली दोन्ही नावं लिहिते, मधे तिरकी रेघ. एक डॉक्टर फोन करून म्हणाले, "बाई, एक काय ते ठरवा." म्हटलं, मायक्रोस्कोपने ठरवलं असतं तर मीही ठरवलं असतं.

आता जंतांचं सांगा ना कुणीतरी. एस्कारिसची, म्हणजे मोठ्या गोल जंताची, अंडी मला आठवड्याला दिसतात. तो तर वीतभर लांब. त्याला ३२ अमिनो आम्लांची साखळी काय करणार?

उप्साला_मुक्काम
शनिवार, रात्री १०:३० (इथे संध्याकाळ, अजून लख्ख ऊन)

ताई, फरक ओळखता येत नाही ही तुमची चूक नाहीच. हे दोन वेगळे जीव आहेत हे रीतसर मान्य व्हायलाच १९९३ उजाडलं.

आणि अमिबाचं अजून एक. त्याच्याकडे स्वतःची भोकं पाडणारी पेप्टाइडं आहेत, अमिबापोअर. ७७ अमिनो आम्लांचं. गिळलेले जिवाणू मारायला अमिबा ते वापरतो. आपल्या नैसर्गिक मारेकरी पेशींतही त्याच्या घडणीचं एक प्रथिन सापडतं. दोन्ही बाजूंच्या भात्यात सारखेच बाण.

जंतांचं काकांनीच सांगावं, त्यांचा प्रांत.

गुरांचा_डॉक्टर
रविवार, सकाळी ७:१०

बाळे, दुरुस्ती मान्य. उंदीर लिहायला हवं होतं. निवृत्त माणूस चष्म्याशिवाय वाचतो, हा दोष.

आता जंत. इथे मला बोलू द्या, कारण आयुष्यातली काही वर्षं मी डुकराच्या मांसाची तपासणी करण्यात घालवली. डुकराचं यकृत हातात घेतलं आणि त्यावर दुधाळ पांढरे ठिपके दिसले की ओळखायचं, एस्कारिसच्या अळ्या इथून गेल्यात. मग आतडं दाबून बघायचं. गाठोडं लागलं की आत जंत आहेतच. पेन्सिलीएवढे जाड, फिकट गुलाबी, कापल्यावर वळवळणारे. नवीन पोरं तोंड फिरवायची. मला त्यांचं कधी काही वाटलं नाही, उलट कौतुकच वाटायचं. त्या जागेची कल्पना करा. वरून पित्त, स्वादुपिंडाचे रस, बाजूला अब्जावधी जिवाणू, आणि हा प्राणी त्यात वर्षभर राहतो, कुजत नाही, पचत नाही. मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते, ती वेगळीच.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: डिफेन्सिनने मोठा जंत मरत नाही. त्याच्या अंगावर कोलॅजनची जाड त्वचा असते. भोक पाडायला पातळ पडदा हवा, इथे चिलखत आहे.

पण एक किस्सा ऐका, माझा अतिशय लाडका. १९८० च्या सुमारास स्वीडनमध्येच, हान्स बोमन यांच्या लॅबमध्ये सेक्रोपिया नावाच्या पतंगात जिवाणू मारणारी पेप्टाइडं सापडली. पतंगावरून नाव पडलं सेक्रोपिन. मग ती मंडळी शोधू लागली की असलं काही सस्तन प्राण्यांत आहे का. १९८९ मध्ये त्यांनी डुकराचं लहान आतडं घेतलं, अर्क काढला, आणि सापडलं! ३१ अमिनो आम्लांचं सेक्रोपिन. नाव ठेवलं सेक्रोपिन पी-१, पी म्हणजे पिग. कीटकापासून डुकरापर्यंत एकच हत्यार, केवढी बातमी. पुस्तकांत गेलं, लोकांनी त्यावर पुढे काम केलं.

चौदा वर्षांनी, २००३ मध्ये, बोमन यांच्याच नावाने दुसरा लेख आला. सेक्रोपिन पी-१ डुकराचं नाहीच. ते एस्कारिसचं आहे. डुकराच्या आतड्यात जंत होता, आणि अर्कात उतरलं ते त्याचं पेप्टाइड. माणसाच्या एस्कारिसमध्येही ते आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो, बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं. हसण्यासारखंच आहे. आतडं धुताना ज्याला आपण घाण म्हणून बाजूला टाकतो, त्याने जगातल्या शहाण्या माणसांना चौदा वर्षं चकवलं. आणि आपली चूक आपणच जगजाहीर करायची याला मोठी छाती लागते. आमच्याकडे एखादा अहवाल चुकला तर फाइल हरवायची.

आता बघा, आपण विचारत होतो की आतड्याचं औषध जंताला लागतं का. इकडे जंत आपलं स्वतःचं औषध घेऊन आलाय. कशाला? त्यालाही जिवाणूंच्या गर्दीत राहायचंय. त्याचीही मखमल त्याला जपायचीय.

मग जंत बाहेर निघतो कसा? पेप्टाइडने नाही, शेंबडाने. शब्दाबद्दल माफी, पण खरं तेच. अस्तरात टफ्ट नावाच्या तुरेवाल्या पेशी विरळ पसरलेल्या असतात. त्यांचं काम काय हे फार वर्षं कुणाला नीट ठाऊक नव्हतं. २०१६ मध्ये तीन लॅबनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की उंदरात जंताची चाहूल याच पेशींना लागते. त्या इंटरल्यूकिन-२५ नावाचा निरोप सोडतात, त्यावरून दुसऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१३ सोडतात, आणि मग अस्तरात श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींचं पीक येतं. आतडं पाणी सोडतं, बुळबुळीत होतं, जोरात हलतं. गोठा धुताना आपण बादलीभर पाणी मारून खराटा फिरवतो, तसं. त्याच गॉब्लेट पेशी रेल्म-बीटा नावाचं एक प्रथिन सोडतात, त्याने काही जंतांना नीट खाता येत नाही. आणि तेच प्रथिन काही जिवाणू मारतं हेही पुढे २०१७ मध्ये कळलं. म्हणजे "हे जंतांचं" आणि "हे जिवाणूंचं" असे वेगळे डबे आतडं करत नाही. ते आपण करतो, परीक्षेत लिहायला सोपं पडतं म्हणून.

गावात शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात ती मात्र द्यावीच. २०१५ पासून दर फेब्रुवारीत जंतनाशक दिन होतो, बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये दुसरी फेरी. आतड्याच्या खराट्यावर सगळं सोडू नये.

वाटीभर_ताक
रविवार, सकाळी ११:२५

मी वावडिंगवाली. सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आजीचं सगळंच बरोबर नव्हतं हे मान्य. आता एक विचारते, हसू नका. ही डिफेन्सिन वाढवायला काय खावं? ताक चालेल का? माझ्या व्हॉट्सअॅपवर एक पावडर फिरतेय, "आतड्याची नैसर्गिक प्रतिजैविकं दुप्पट", १४९९ रुपये.

उप्साला_मुक्काम
रविवार, दुपारी २:४५

मुळीच हसत नाही, सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. पावडर नको, १४९९ वाचवा.

नक्की माहीत आहे तेवढंच सांगते. एलएल-३७ च्या जीनवर ड जीवनसत्त्वाची किल्ली चालते, आणि गंमत म्हणजे ती माणसात-माकडात चालते, उंदरात नाही. दुसरी किल्ली ब्युटिरेट. आपण खाल्लेला चोथा, कडधान्यांची सालं, न पचलेला पिठूळ भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ते तयार होतं. ढाक्यात शिगेलाच्या जुलाबावर यावरून बरंच काम झालं आहे. शिगेला एलएल-३७ बनणं बंद पाडतो, आणि सशांवरच्या प्रयोगात ब्युटिरेट दिल्यावर ते परत सुरू झालं. पण शिगेला जिवाणू आहे. यावरून "भाकरी-उसळ खा, जिआर्डिया जाईल" असं मी म्हणणार नाही. भाकरी-उसळ खा, कारण ती चांगली असते. ताक प्या, कारण रविवार आहे.

उलट बाजूचं मात्र महत्त्वाचं आहे. झांबियात लुसाका शहराच्या गरीब वस्तीतल्या प्रौढांच्या आतड्याचे तुकडे तपासले होते. ज्यांच्यात पॅनेथ पेशींच्या डिफेन्सिनचे जीन मंद चालत होते, त्यांना पुढे जुलाब जास्त झाले, असं २००६ मध्ये छापून आलं. कुपोषण आणि वारंवारची लागण यांनी त्या पेशींचे दाणे रिकामे होतात, हेही त्याच वस्तीत दिसलं होतं. म्हणजे वाढवायची पावडर नाही, पण घटायची कारणं भरपूर. त्या दाण्यांत जस्तही असतं. जुलाब झालेल्या लहान मुलांना ओआरएसबरोबर झिंकची गोळी देतात, सहा महिन्यांवरच्यांना २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. त्याचा फायदा अनेक मार्गांनी होतो, सगळं श्रेय पॅनेथ पेशींना देऊ नका. पण जुलाब थांबले की लोक गोळ्या अर्ध्यावर सोडतात, ते करू नका.

आणि एक परजीवी तर थेट कारखान्यावरच गदा आणतो. उंदरांना टॉक्सोप्लाझ्मा तोंडावाटे दिला, तर त्याच्याविरुद्ध शरीराने उठवलेल्या गॅमा इंटरफेरॉन नावाच्या निरोपाच्या भरात पॅनेथ पेशीच मरून जातात, आणि मग जिवाणूंची गर्दी उसळते. पुन्हा सांगते, उंदरात. काका, बघा, मी लिहिलं.

गुरांचा_डॉक्टर
रविवार, दुपारी ४:००

लिहिलंस. शाबास.

ताकताई, ती पावडर कुणी गळ्यात मारलीच तर बैलाला द्या. त्याला काही होत नाही.

काचपट्टी
बुधवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. भाचीला हा धागा पाठवला, तिने तीन अंगठे पाठवले, वाचला की नाही माहीत नाही.

मुलाचा औषधानंतरचा नमुना आज बघितला. दोन स्लाइड केल्या, सलाइनची आणि आयोडीनची, वीस मिनिटं शोधलं, काही नाही. अजून एक नमुना घेणार. विहिरीचं पाणी उकळून प्यायचं हे आईने मनावर घेतलंय. आरोग्यसेविका टीसीएल टाकून गेली तेव्हा मी तिला काकांचं सिस्टचं वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे हो, पण सरपण कुठून आणणार ती रोज?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजीचं प्रकरण बाकी आहे. डॉक्टर म्हणतात, घरात स्वयंपाक तीच करते, तेव्हा एकदा औषध देऊन टाकू. आजी म्हणते, "माका काय झाला? पोराक दी." काल बाजारात भेटली तेव्हा मी तिला विहिरीच्या तळाशी बसलेल्या पॅनेथ पेशींची गोष्ट सांगायला गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठच्या विहिरीत?"

शनिवारी डबी आणून देते म्हणालीय. डबी मी माझ्या हाताने दिली आहे, झाकणासकट.